वय, तेलकट खाणं आणि यकृत: दोष नक्की कोणाचा?

चाफा

बाबांच्या (वय ६६) नेहमीच्या तपासण्यांत सोनोग्राफीवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' असं आलंय. दारूला कधी हात लावलेला नाही, वजन थोडं जास्त, साखर काठावर. रक्ततपासणीत एएसटी आणि एएलटी (यकृताची एन्झाइम्स) दोन्ही ३६, प्लेटलेट २ लाख २० हजार. घरात लगेच दोन तट पडले. एकांचं म्हणणं, "या वयात हे असायचंच, मनाला लावून घेऊ नका." दुसऱ्यांचं म्हणणं, उद्यापासून तेल-लोणी पूर्ण बंद, रात्रीचं जेवणही बंद.

मला दोन्ही पटत नाही, पण वाद घालायला हाताशी काही नाही. वय झालं की यकृतावर चरबी चढणारच का? आणि चढली असेल तर ती खाल्लेल्या तेलातूनच आलेली असते का? जाणकारांनी आणि ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनीही लिहा.

रानवाटा

वाचतेय. आमच्याकडेही तेच, यजमान ५८ वर्षांचे.

जुना पिंपळ

मला यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. माझे आजोबा साय, लोणी, मांस सगळं भरपूर खात आणि त्यांनी नव्वदी पार केली. यकृत हा असा अवयव आहे की काही भाग कापून काढला तरी पुन्हा वाढतो. त्याला कसलं आलंय म्हातारपण? उगाच माणसाला या वयात खाण्याची धास्ती लावू नये.

जठराग्नी

चाफा, पोटाच्या आणि यकृताच्या आजारांचे रुग्ण रोज तपासतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यकृताच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. जगात सुमारे ३० टक्के प्रौढांना ते आहे. तेव्हा 'असतं' हे खरं, पण 'असायचंच' हे खरं नाही. चाळिशी-पन्नाशीत प्रमाण चढतं ते मुख्यतः पोटाचा घेर, इन्सुलिनला न जुमानणारं शरीर, मधुमेह आणि बैठं राहणं यांमुळे. हे सगळं वयाबरोबर येतं म्हणून दोष वयावर जातो. अगदी पंच्याऐंशीच्या पुढच्या माणसांत तर चरबीचं प्रमाण उलट कमी दिसतं.

वयाचा खरा परिणाम दुसरीकडे आहे. आयुष्यभरात यकृताचं आकारमान २० ते ४० टक्के घटतं, त्यातून वाहणारं रक्तही कमी होतं आणि इजेनंतरची दुरुस्ती मंदावते. त्यामुळे तीच चरबी तिशीतल्या माणसाचं यकृत बराच काळ निभावून नेतं, पण सत्तरीत तिच्यामुळे दाह आणि मग फायब्रोसिस, म्हणजे व्रण धरून यकृत कडक होणं, याची शक्यता वाढते. वर्षंही तेवढी साठलेली असतात. तिशीत सुरू झालेल्या फॅटी लिव्हरला सत्तरीत चाळीस वर्षं झालेली असतात.

आता तुमच्या रिपोर्टातल्या 'ग्रेड १'बद्दल. तो ग्रेड चरबीचा आहे, फायब्रोसिसचा नाही. फायब्रोसिसच्या पायऱ्या एफ-० ते एफ-४ अशा वेगळ्या मोजतात आणि पुढे काय होणार हे त्या ठरवतात. ग्रेड १ आणि फायब्रोसिस पुढे गेलेला, असेही रुग्ण मी पाहतो. ग्रेड ३ आणि फायब्रोसिस शून्य, असेही. तेव्हा पहिला प्रश्न 'चरबी किती' हा नसून 'यकृत कडक झालंय का' हा आहे.

रानवाटा

हा ग्रेडचा फरक आम्हाला कोणीच समजावून सांगितला नव्हता. खूप आभार.

सूक्ष्मदर्शी

वाचनखूण साठवली. जुना पिंपळ, तुमच्या "त्याला कसलं आलंय म्हातारपण" या वाक्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

१९५० नंतरच्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ चं प्रमाण वाढलं आणि १९६३ च्या करारानंतर ते उतरू लागलं. अन्नातून तो कार्बन आपल्या पेशींच्या डीएनएत उतरतो, म्हणून त्याच्या प्रमाणावरून पेशी कधी जन्मली हे काढता येतं. ड्रेस्डेनच्या ओलाफ बर्गमन यांच्या गटाने ही पद्धत मानवी यकृतावर वापरली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. माणूस विशीतला असो की ऐंशीच्या पुढचा, त्याच्या यकृतपेशींचं सरासरी वय तीन वर्षांच्या आतच. मात्र गुणसूत्रांचे जास्त संच असलेल्या काही पेशी दहा वर्षांपर्यंत टिकतात.

मग यकृतात म्हातारं काय होतं? पेशींच्या भोवतालचं. यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला बारीक छिद्रं असतात, साधारण १०० नॅनोमीटरची. ते अस्तर चाळणीसारखं काम करतं. आतड्यातून आलेल्या चरबीचे उरलेसुरले कण त्यातून यकृतपेशीपर्यंत पोचतात. वय वाढतं तसं अस्तर जाड होतं आणि छिद्रं कमी होतात. मग जेवणानंतर ते कण रक्तात जास्त वेळ रेंगाळतात.

मी ऊतकांचे काप तपासण्याचं काम करते. फॅटी लिव्हरचा काप पाहिला की आधी पांढरी, रिकामी, काठ अगदी नीट असलेली वर्तुळं दिसतात. काप तयार करताना लागणाऱ्या रसायनांत चरबी विरघळून जाते, राहते फक्त तिची जागा. थेंब मोठा असेल तर पेशीचं केंद्रक कडेला ढकललेलं असतं, चपटं होऊन. काप वयस्कर माणसाचा असेल तर शिरेजवळच्या पेशींत पिवळसर तपकिरी कणांची रांगोळी दिसते. ते लिपोफ्युसिन. पेशीला पचवता न आलेला, जुना साठलेला माल. आता यात गोम अशी की ते कण पाहून मी काळजीत पडत नाही. मी काळजीत पडते ती विशेष रंग दिल्यावर पेशींभोवती जाळीसारखे धागे उमटले तर. जठराग्नींनी वर म्हटलेला फायब्रोसिस तो हाच.

चाफा

सूक्ष्मदर्शी, काय सुंदर लिहिलंय! पण मग पेशी एवढ्या नव्या असतील तर दुरुस्ती मंद का होते?

सूक्ष्मदर्शी

कारण पेशीला 'विभाग हो' असं सांगणारे संकेत बदलतात. २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडलं, तर म्हाताऱ्या उंदराच्या यकृतपेशींची विभाजनाची क्षमता बरीचशी परत आली. म्हणजे क्षमता पेशीत असते, पण तिला हाक मारणारं वातावरण उरत नाही.

प्रयोगवेडा

उंदरांचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. 'म्हातारे उंदीर आणि तेलकट आहार' या विषयावर बरंच काम झालंय आणि एकंदर दिशा स्पष्ट आहे: तोच चरबीयुक्त आहार म्हाताऱ्या उंदरांच्या यकृताला तरुण उंदरांपेक्षा जास्त दाह आणि इजा करतो. २०१७ मध्ये हेही दिसलं की वृद्ध झालेल्या, विभाजन थांबवलेल्या पेशी चरबी साठायला स्वतःच कारण होतात आणि त्या काढून टाकल्या की उंदरांत चरबी उतरते. त्यावरून औषधं शोधणं चालू आहे.

पण या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या एका नेहमीच्या खाद्यात ६० टक्के उष्मांक चरबीतून येतात. माणूस रोज असं खात नाही. म्हणून उंदरांच्या बातमीवरून घरातलं तेल मोजायला बसू नये.

खादाड

तेच विचारायला आलो होतो. एवढं सगळं वाचलं, पण तेल खायचं की नाही ते कोणीच सांगेना! वाटी हातात धरून बसलोय. :)

प्रयोगवेडा

खादाडभाऊ, वाटी खाली ठेवा, चमचा घ्या. :)

माणसांवरचा पुरावा देतो. २००५ मध्ये फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या यकृतातली चरबी कुठून आली याचा माग घेतला गेला. सुमारे ५९ टक्के शरीरातल्या चरबीच्या साठ्यातून रक्तात सुटलेल्या मेदाम्लांमधून, सुमारे २६ टक्के यकृताने स्वतः, मुख्यतः साखर-पिष्टातून बनवलेली, आणि ताटातल्या चरबीतून थेट आलेली फक्त १५ टक्के. चाफा यांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. तेलच तेवढं तोडलं आणि गोड पेयं, बिस्किटं, पोटाचा घेर जिथल्या तिथे राहिला, तर मोठी दारं उघडीच राहतात.

तरी चरबीचा प्रकार महत्त्वाचा आहेच. २०१८ च्या एका फिनिश प्रयोगात लोकांना तीन आठवडे रोज १००० जादा उष्मांक दिले. संतृप्त चरबीतून दिले त्यांच्या यकृतातली चरबी ५५ टक्के वाढली, साध्या साखरेतून दिले त्यांची ३३ टक्के, असंतृप्त चरबीतून दिले त्यांची १५ टक्के. उष्मांक सगळ्यांना सारखेच. म्हणजे लोणी, साय, पामतेल यांच्या जागी ऑलिव्ह, सूर्यफूल यांसारखी तेलं, अक्रोड-बदाम, मासे आले तर फरक पडतो.

जुना पिंपळ

मग आजोबांचं काय? ते तर संतृप्तच खात होते.

दिवेलागण

पिंपळकाका, तुमचे आजोबा दिवसभरात किती चालत असतील? आणि साखर किती खात असतील? शिवाय प्रत्येकाची घडण वेगळी. पीएनपीएलए-३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार २००८ मध्ये सापडला. तो ज्यांच्यात असतो त्यांच्या यकृतात चरबी लवकर साठते, कधीकधी सडपातळ असूनही. ज्यांच्यात नाही त्यांना बरंच काही पचून जातं. एका माणसाच्या दीर्घायुष्यावरून सगळ्यांचा आहार ठरवता येणार नाही.

जुना पिंपळ

चालणं मात्र खरं. दिवसभर पायांवर असत. हा मुद्दा मान्य.

आकडेमोड

जठराग्नींनी 'यकृत कडक झालंय का' हा प्रश्न मांडलाय. त्याची पहिली चाळणी घरबसल्या करता येते. एफआयबी-४ नावाचं सूत्र आहे: वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एएलटीचं वर्गमूळ).

चाफा यांच्या बाबांचे आकडे घालू. ६६ गुणिले ३६ म्हणजे २३७६. खाली २२० गुणिले ६, म्हणजे १३२०. उत्तर १.८.

नेहमीची मर्यादा १.३ आहे. त्याखाली असेल तर पुढे गेलेल्या फायब्रोसिसची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर जास्त. मग १.८ ला काळजी करायची का? इथे वयाची गंमत पाहा. हेच आकडे ४४ वर्षांच्या माणसाचे असते तर उत्तर १.२ आलं असतं. यकृत तेच, रक्त तेच, फक्त वर्षं वाढली म्हणून आकडा फुगला. म्हणूनच ६५ च्या पुढे खालची मर्यादा २.० धरावी असं सुचवलं जातं. त्या हिशेबाने बाबा कमी धोक्याच्या बाजूला येतात. ३५ च्या आतल्यांसाठी हे सूत्र भरवशाचं नाही.

चाफा

आकडेमोड, मनापासून आभार! रात्री बाबांना शेजारी बसवून परत करून दाखवते.

जठराग्नी

आकडेमोड यांनी अचूक सांगितलंय. दोन गोष्टी जोडतो. एएलटी नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वयाबरोबर ती तशीही उतरते आणि फायब्रोसिस पुढे गेलेल्या अनेकांत ती नॉर्मलच असते. दुसरं, सोनोग्राफीला २०-३० टक्क्यांपेक्षा कमी चरबी नीट दिसत नाही.

बाबांची साखर काठावर आहे, म्हणून मी एकदा फायब्रोस्कॅन करून घ्या म्हणेन. तीन तास उपाशीपोटी जायचं. बरगड्यांवर यंत्राचा हलका ठोका बसतो आणि त्या लहरीच्या वेगावरून कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतात. ८ च्या खाली असेल तर पुढे गेलेला फायब्रोसिस असण्याची शक्यता फार कमी.

दिवेलागण

आता 'रात्रीचं जेवण बंद' या गटाला उद्देशून लिहिते, कारण हे मी जवळून पाहिलंय.

आईला सत्तरीत फॅटी लिव्हर निघालं. कोणाच्या तरी सांगण्यावरून तिने मनानेच खाणं अर्ध्यावर आणलं. तेल नाही, अंडी नाहीत, दूध नाही. वजन भराभर उतरलं आणि सगळे कौतुक करत होते. पण खुर्चीतून उठताना ती दोन्ही हातांनी खुर्चीच्या हातांवर जोर द्यायला लागली. बरणीचं झाकण उघडेना. पिंडऱ्या हाताला मऊ लागायला लागल्या. मग एक दिवस न्हाणीघरात पडली. नंतर तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की उतरलेल्या वजनात चरबीइतकाच स्नायूही गेलाय. स्नायू हे साखर रिचवणारं सगळ्यात मोठं ठिकाण. ते आटलं की साखर पुन्हा यकृताच्याच गळ्यात पडते.

आता ती रोज पुरेशी प्रथिनं खाते, वजनाच्या दर किलोमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास, आणि आठवड्यातून तीनदा रबरी पट्टे ओढण्याचा व्यायाम करते. वजन पूर्वीपेक्षा थोडं जास्तच आहे, पण पोटाचा घेर कमी आणि पाय पक्के. म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवून त्याचं यकृत सुधारत नाही, हे मी कोणालाही हात जोडून सांगेन.

सांजवात

दिवेलागणताई, हा प्रतिसाद छापून दारावर लावावा असा आहे.

थोडं अवांतर. चरबी खाल्ल्यानेच यकृतात चरबी येते असं मानणाऱ्यांनी हंसांचं पाहावं. यकृतासाठी ज्या हंसांना आणि बदकांना जबरदस्तीने भरवतात त्यांना मुख्यतः मका भरवतात, आणि यकृत चरबीने कित्येक पटींनी फुगतं. पिष्टातून चरबी बनवण्यात यकृत एवढं तरबेज आहे.

उलट बाजूही आहे. इन्सुलिनच्या शोधात सहभागी असलेले चार्ल्स बेस्ट यांनी १९३० च्या दशकात असं दाखवलं की स्वादुपिंड काढलेल्या, फक्त इन्सुलिनवर जगवलेल्या कुत्र्यांच्या यकृतात चरबी साठते आणि लेसिथिन दिलं की टळते. त्यातला कामाचा घटक निघाला कोलीन. यकृतातून चरबी बाहेर पाठवायला ते लागतं. अंड्याच्या बलकात ते भरपूर असतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असेपर्यंत बाईचं शरीर थोडं कोलीन स्वतः बनवतं. पाळी गेली की ती सोय कमी होते. पाळी गेल्यानंतर बायकांत फॅटी लिव्हर वाढतं, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक असू शकतं. म्हणून 'यकृतासाठी बलक बंद' हा सल्ला सरसकट देऊ नये असं मला वाटतं.

रानवाटा

पाळी आणि यकृत यांचा संबंध पहिल्यांदाच वाचला. बायकांच्या तपासण्यांत हा विषय कोणी काढतच नाही, याचं वाईट वाटतं.

खादाड

कॉफीबद्दल कोणी बोलत नाही ते? ती यकृताला चांगली असं ऐकलंय.

जठराग्नी

ऐकलंय ते बरोबर. रोज दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस आणि यकृताचा कर्करोग कमी दिसतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत आढळलंय. साखर न घालता. झोप उडत असेल किंवा छातीत धडधडत असेल तर ओढूनताणून पिऊ नका. आणि वयस्करांनो, 'यकृत साफ करणारे' रस आणि पावडरी यांवर पैसे घालवू नका. यकृत साफ करावं लागत नाही, साफ करणं हे त्याचंच काम आहे.

जुना पिंपळ

एक प्रामाणिक शंका. साठी-सत्तरीत वजन उतरवून खरंच काही परत येतं का? की आता फक्त आहे ते टिकवायचं?

जठराग्नी

पिंपळकाका, परत येतं. २०१५ मध्ये क्युबातल्या २९३ रुग्णांचा अभ्यास आला. वर्षभर आहार-व्यायाम, आधी आणि नंतर बायॉप्सी, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून तपासणी. ज्यांचं वजन १० टक्के किंवा जास्त उतरलं त्यांच्यापैकी ९० टक्क्यांचा दाह निवळला आणि ४५ टक्क्यांचा फायब्रोसिससुद्धा मागे हटला. एवढं वजन उतरवणारे थोडेच होते, पण ५ टक्क्यांनीही चरबी उतरते. वजन तसंच राहून आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाललं तरी यकृतातली चरबी कमी होते. मी सत्तरीच्या रुग्णांना वजनाचं मोठं लक्ष्य देत नाही. चालणं, स्नायूंचा व्यायाम, गोड पेयं बंद, लोण्याच्या जागी तेल, आणि कंबरेचा घेर मोजत राहणं एवढंच.

औषधंही आली आहेत. रेसमेटिरोमला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, सेमाग्लुटाइडला या आजारासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये. दोन्ही एफ-२, एफ-३ फायब्रोसिस असलेल्यांसाठी. ग्रेड १ दिसला की मागायची ही औषधं नाहीत.

चाफा

सगळ्यांची ऋणी आहे. घरातले दोन्ही तट थंडावलेत. बाबांना 'हे वयाचं नाही' हे ऐकून उलट हुरूप आला. रात्रीचं जेवण चालू, सोबत फायब्रोस्कॅनची वेळ घेतली आहे. चहातली साखर त्यांनी स्वतःहून सोडली.

रानवाटा

माझा एक प्रश्न राहिला. यजमानांनी यकृताच्या भीतीने कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी बंद केलीय. वर हिरव्या चहाच्या अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्यात. चालेल का?

जठराग्नी

रानवाटाताई, हे लगेच त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. फॅटी लिव्हर असणाऱ्यांना स्टॅटिन सुरक्षित आहे, आणि या रुग्णांचे सर्वाधिक मृत्यू यकृताने नव्हे, हृदयविकाराने होतात. ज्या गोळीने हृदय राखलं जातं ती यकृतासाठी सोडणं म्हणजे उलटा व्यवहार. हिरव्या चहाचा कप वेगळा आणि त्याचा दाट अर्क वेगळा. अर्काच्या कॅप्सूलने यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कॅप्सूल आजच थांबवा. दोन्हींचे डबे घेऊन भेटा, आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल घेत असतील तर दिवसाला किती, तेही लिहून न्या.